सिमेंटमधील क्लिंकर कमी करण्याविषयी : राख, स्लॅग आणि भाजलेली माती (मंचावरील चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

पायाभरणी

गेली २६ वर्षे मी सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आरसीसी इमारतींचे स्ट्रक्चरल डिझाइन करतो. मागील महिन्यात एका शाळेच्या दोन नव्या वर्गखोल्यांची निविदा माझ्याकडे तपासणीसाठी आली आणि तिच्यात तेच जुने वाक्य पुन्हा भेटले : ‘सर्व काँक्रीट कामासाठी केवळ ५३ ग्रेडचे ओपीसी सिमेंट वापरावे.’ ओपीसी म्हणजे औष्णिक केंद्रातील कोळशाची राख किंवा स्लॅग (लोखंड वितळवताना उरणारी मळी) न मिसळलेले साधे पोर्टलँड सिमेंट, आणि ५३ ही त्याची सर्वांत जास्त ताकदीची प्रत. खोल्यांच्या स्लॅबला मध्यम ताकदीचे एम २५ काँक्रीट पुरेसे होते, पायाखाली चांगला मुरूम होता आणि काम घाईने उरकण्याचे काहीही कारण नव्हते. हे वाक्य मुळात कोणी लिहिले ते आज सांगता येत नाही. एका निविदेतून ते दुसरीत उतरते, दुसरीतून तिसरीत जाते, आणि त्यामुळे कमी प्रदूषण करणारे सिमेंट बाजारात उपलब्ध असूनही बांधकामावर पोहोचत नाही. त्या ‘केवळ’ या शब्दाविषयी मला लिहायचे आहे.

आधी हिशेब मांडतो. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. भट्टीत कोळसा जाळा, कचरा जाळा किंवा उद्या ती सूर्याच्या उष्णतेवर चालवा, हे ४४ किलो टळत नाहीत, कारण ते दगडातच असतात. क्लिंकर म्हणजे चुनखडी आणि माती भट्टीत भाजून होणारे खडे, तेच दळून सिमेंट बनते. त्यात चुन्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते, म्हणजे किलोभर क्लिंकरमागे केवळ दगडातून अर्धा किलोहून थोडा जास्त वायू सुटतो. ओपीसीच्या ५० किलोच्या गोणीत साधारण ४७ किलो क्लिंकर धरले, तर तिच्यामागे २४ किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडाचा झाला. भट्टीचे तापमान १४५० अंश सेल्सियसपर्यंत न्यावे लागते, त्या इंधनाचा वायू यावर वेगळा. जगभरातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा का आहे, हे या एका गोणीवरून लक्षात यावे.

आता हीच गोणी ३० टक्के राख असलेल्या पीपीसीची, म्हणजे राखमिश्रित सिमेंटची असेल, तर क्लिंकर ३३ किलोंवर येते आणि दगडातला वायू १७ किलोंवर. एलसी३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिमेंटच्या प्रचलित मिश्रणात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजता नुसती दळलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. तेथे हा आकडा १३ किलोंपर्यंत उतरतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्युबातील सांता क्लारा येथील विद्यापीठ आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी मिळून या सिमेंटवर अनेक वर्षे काम केले. झाशी येथे त्याचे प्रायोगिक घर बांधले गेले आणि २०२३ साली भारतीय मानक ब्युरोने आयएस १८१८९ हे मानकही प्रसिद्ध केले. या सिमेंटला आता कायदेशीर नाव आणि गाव दोन्ही आहे.

भाजलेली माती हे प्रकरण आपल्याला नवे नाही, ती आपली सुरखी आहे. वाईमधील एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी मी भिंतीतल्या सांध्यावर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला होता. चुन्याच्या पांढऱ्या खुणेत विटेचे तांबूस कण स्पष्ट दिसत होते आणि खिळा सहजासहजी आत जात नव्हता. चुन्याच्या घाणीवर चुना, वाळू आणि सुरखी मळणाऱ्या माणसांना मातीतील ॲल्युमिना हा शब्द ठाऊक नव्हता, पण नुसत्या चुन्यात विटेची पूड घातली की तो ओल्यातही घट्ट धरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

घरधनी

लेख समजला, पण एक शंका स्पष्टपणे विचारतो. इस्लामपूरजवळ आमच्या घराचे काम सुरू आहे. आमचे गवंडी सांगतात की राखेचे सिमेंट म्हणजे भेसळीचे सिमेंट, त्याला ‘दम’ नसतो, ते गिलाव्याला ठीक पण स्लॅबला ओपीसीच घ्या. घरात आयुष्यभराची बचत जाते आहे. वातावरणाचा विचार मलाही आहे, पण स्लॅबच्या बाबतीत मी प्रयोग करू इच्छित नाही.

पायाभरणी

घरधनी, तुमची काळजी रास्त आहे आणि तुमच्या गवंड्यांचे निरीक्षणही खोटे नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

गवंडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काँक्रीटवर हातोडी वाजवून पाहतो. मानकानुसार ५३ ग्रेडच्या ओपीसीने ३ दिवसांत किमान २७ आणि ७ दिवसांत ३७ मेगापास्कल ताकद द्यायची असते, पीपीसीने त्याच दिवसांना अनुक्रमे १६ आणि २२. त्यामुळे त्याच्या हाताला पीपीसी कच्चे लागते, हे खरेच आहे. राखेतील सिलिका चुन्याशी सावकाश जुळते. क्लिंकर पाण्याशी संयोग पावताना जो मोकळा चुना मागे टाकते, तो राख आपल्याकडे ओढून घेते आणि त्याचेच चिकट, घट्ट बंधक तयार करते. हे काम महिना दोन महिने चालू राहते. त्या काळात काँक्रीट ओले राहिले, तर त्यातील बारीक छिद्रे बुजत जातात.

भेसळ म्हणजे न सांगता मिसळलेली वस्तू. पीपीसीच्या गोणीवर ते पीपीसी असल्याचे आणि त्यात राखेचे प्रमाण किती आहे हे छापलेले असते. मानकाने १५ ते ३५ टक्के अशी मर्यादा घातली आहे. मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच प्रकाराची. काही आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्रकल्पांत पीपीसी वापरून त्यात वर आणखी राख टाकली जाते आणि ग्राहकाला ते कळत नाही. म्हणून काँक्रीट तयार मागवणार असाल, तर प्रत्येक गाडीबरोबर येणारा बॅच रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात सिमेंटचा प्रकार व राखेचे वजन वेगवेगळे दाखवले आहे का ते पाहा.

अपरान्त

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे हा प्रश्न वातावरणाच्या आधी सळीचा आहे. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. २००१ साली बांधलेल्या गच्चीच्या खांबाला प्रथम केसासारखी उभी भेग दिसली, दोन पावसाळ्यांनी तिच्यातून तपकिरी ओघळ आला, आणि एके दिवशी कोपऱ्याचा ढलपा हातात आला. आतली सळी पापुद्रे सुटून जवळजवळ दीडपट जाड दिसत होती. पापुद्रे खरवडले तेव्हा मूळच्या सळीपैकी जेमतेम करंगळीएवढे लोखंड उरले होते. तो खांब ओपीसीचाच होता आणि ‘उत्तम माल’ म्हणून त्या वेळी आम्ही त्याचे जास्त पैसे मोजले होते. कमी क्लिंकरच्या सिमेंटचा किनाऱ्यावर काही लाभ आहे काय?

आखाती

अपरान्त यांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण मी बारा वर्षे दुबईत काँक्रीटच्या गुणनियंत्रणात काम करतो आहे. येथील भूजल समुद्रापेक्षाही खारट असते आणि त्यात सल्फेटही भरपूर असतात. अशा जमिनीत नुसत्या ओपीसीचा पाया कोणी सुचवला, तर त्याला परवानगीच मिळणार नाही. बुर्ज खलिफाच्या पायातील पाइल्सच्या (जमिनीत खोलवर घातलेल्या खांबांच्या) काँक्रीटमध्ये २५ टक्के राख आणि ७ टक्के सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) होते. जगातील सर्वांत उंच इमारत त्या राखमिश्रित काँक्रीटवर उभी आहे, हे मी आमच्या गावाकडच्या ठेकेदारांना नेहमी सांगतो.

मिठातील क्लोराइड काँक्रीटमधील बारीक छिद्रांतून पाण्याबरोबर आत सरकतो आणि सळीपर्यंत पोहोचला की गंज सुरू होतो. स्लॅग किंवा भाजलेली माती ही छिद्रे लहान करते आणि त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी तोडते. शिवाय भाजलेल्या मातीतील ॲल्युमिना काही क्लोराइड रासायनिक रीतीने बांधून ठेवतो. कोकणासाठी हाताशी असलेला पर्याय म्हणजे स्लॅग सिमेंट. आयएस ४५५ प्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालते, आणि रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना असल्यामुळे स्लॅगची वाहतूकही दूरची नाही.

एक गोष्ट मात्र कोणतेही सिमेंट दुरुस्त करू शकत नाही. खाडीची वाळू न धुता वापरली, तर मीठ बाहेरून येण्याची गरजच उरत नाही.

अपरान्त

आखाती, आपण मर्मावर बोट ठेवले. २००१ साली वाळू खाडीचीच होती.

वऱ्हाडी_अभियंता

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितो. घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही अशी सिमेंटची मोठी गावे आमच्या एका जिल्ह्यात आहेत. चुनखडी येथली, कोळसा येथला आणि २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राखही येथलीच. राखेच्या बंधाऱ्यावरून उन्हाळ्यात जो करडा लोट उठतो, तो ज्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिला आहे, त्यांना ती राख काँक्रीटमध्ये बांधली जाणे ही किती मोलाची गोष्ट आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ साली काढली. त्यानंतर सुकी राख सायलोतून थेट टँकरने नेण्याची सोय वाढली आणि परिस्थिती सुधारली.

तरी राखेविषयी दोन बाबी लक्षात घ्याव्यात असे मला वाटते. विद्युत अवक्षेपकातून (धुरातील राख पकडणाऱ्या यंत्रातून) निघालेली सुकी, बारीक राख वेगळी आणि बंधाऱ्यात पाण्याबरोबर सोडलेली राख वेगळी. दुसरी भरावाला आणि विटांना चालते, पण बंधक म्हणून तिच्यावर विसंबू नये. दुसरी बाब अशी की राख ही कोळशाच्या मागोमाग येते. उद्या औष्णिक केंद्रे कमी झाली, तर तिचा पुरवठाही आटेल. युरोपात हे घडू लागले आहे. स्लॅगचेही तसेच आहे, कारण जितके लोखंड वितळेल तितकेच ते मिळणार. म्हणून भाजलेल्या मातीकडे गंभीरपणे पाहायला हवे, कारण माती ही कोणत्याही दुसऱ्या कारखान्याचा उरलेला पदार्थ नाही.

घरधनी

माती तर आमच्या रानात काळी, कसदार, हवी तेवढी आहे. ती भाजून चालेल काय?

रसायनी

दुर्दैवाने चालणार नाही, आणि त्याचे कारण जाणून घेण्याजोगे आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एलसी३साठी केओलिनाइट हे खनिज असलेली माती लागते. तिच्या स्फटिकात ॲल्युमिना आणि सिलिकाचे पापुद्रे असतात आणि त्यांना हायड्रॉक्सिल गट बांधून ठेवतात. ७०० ते ८५० अंशांना तापवले की हे गट पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातात. शंभर किलो केओलिनाइटमधून सुमारे १४ किलो वाफ जाते. पायाभरणी यांनी वर दिलेल्या ४४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. चुनखडी भाजताना सुटते ते प्रदूषण, येथे सुटते ते पाणी, आणि तापमानही क्लिंकरच्या भट्टीच्या जवळजवळ निम्मे. वाफ गेल्यावर स्फटिकाची घडी विस्कटते आणि मागे उरलेला मेटाकेओलिन चुन्याशी संयोग करण्यास अत्यंत उत्सुक असतो.

आपली काळी माती प्रामुख्याने स्मेक्टाइट गटातील आहे. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, आणि भाजल्यावर तिची क्रियाशीलता केओलिनाइटच्या तुलनेत फारच कमी भरते. केओलिनाइटचे प्रमाण साधारण ४० टक्के असेल, तरी एलसी३ सातव्या दिवसापासून ओपीसीच्या बरोबरीची ताकद दाखवते, हे अनेक प्रयोगशाळांत दिसून आलेले आहे. म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांना लागते तशी शुभ्र, महागडी माती मुळीच लागत नाही, कारखान्यांनी नाकारलेली, लोहयुक्त, तांबूस मातीही चालते. रंगाची अडचण मात्र येते. लोहामुळे सिमेंट लालसर होते आणि ग्राहक ते नाकारतो. भट्टीतील व थंड करतानाच्या हवेतील प्राणवायू नियंत्रित केला, तर तीच माती करडी निघते. कोलंबियातील रिओक्लारो येथे २०२० पासून भाजलेल्या मातीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू आहे, तेव्हा ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही.

सुरखीबद्दल एक पुरवणी. वीट फार भाजून खंगर झाली, तर मेटाकेओलिनचे पुन्हा स्थिर स्फटिक बनू लागतात आणि ती पूड निर्जीव ठरते. त्यामुळे कोणत्याही भट्टीतील वाया गेलेल्या विटा दळून सिमेंटमध्ये घालण्याचा उद्योग कृपया कोणी करू नये.

आता या सिमेंटचे उणेपणही सांगितले पाहिजे. पापुद्र्यांच्या कणांमुळे ते पाणी जास्त मागते. साइटवर हे दिसले की माणूस पाण्याची बादली ओततो आणि सगळे मुसळ केरात जाते. येथे चांगले सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारे रसायन, वापरावेच लागते. दुसरे उणेपण कार्बोनेशनचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्याची अल्कता कमी करतो, आणि अल्कता गेली की सळीचे संरक्षण जाते. कमी क्लिंकर म्हणजे राखीव चुना कमी, म्हणून ही आघाडी अधिक वेगाने आत सरकू शकते. आम्ही विद्यार्थ्यांना फोडलेल्या नमुन्यावर अल्कता दाखवणारे फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारून दाखवतो. निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरची कडा रंगहीन राहते. एकाच मिश्रणाचे दोन ठोकळे, एक तीन दिवस ओला ठेवलेला आणि दुसरा चौदा दिवस, असे शेजारी ठेवले की त्या रंगहीन कडेतला फरक पाहून वर्ग शांत होतो.

अपरान्त

केओलिनाइटची माती कोकणात आहे, सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत आणि जांभ्याखालीही ती सापडते, हे मी जाणतो. म्हणूनच एक कळकळीची विनंती. ‘हरित सिमेंट’ या नावाखाली आमचे सडे, म्हणजे जांभ्याची कातळपठारे, खणली जाऊ नयेत. पावसाळ्यात त्या कातळावर जी फुले येतात आणि ज्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, ते एकदा उकरले की कोणत्याही सिमेंटने परत येणार नाहीत.

वऱ्हाडी_अभियंता

अपरान्त यांच्याशी पूर्ण सहमत. नवी खाण उघडण्याआधी जुन्या खाणींचे ढिगारे तपासावेत. कोळशाच्या उघड्या खाणींत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी जी माती आणि शेल (थरांचा मऊ खडक) काढून टाकली जाते, तिचे डोंगर आमच्याकडे उभे आहेत. त्यांतील केओलिनाइट मोजण्याचे काम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रकल्प म्हणून हाती घेतले, तर फार उपयोग होईल. तसेच या सिमेंटमधील १५ टक्के चुनखडी भाजायची नसल्यामुळे ती उच्च प्रतीची असण्याची गरज नाही. मॅग्नेशिया जास्त म्हणून क्लिंकरसाठी नाकारलेला दगडही येथे वापरता येतो, आणि त्यामुळे खाणीचे आयुष्य वाढते.

उसाचा_मळा

आमच्या भागातील साखर कारखान्याच्या बॉयलरमधून बगॅसची राख निघते. ती शेतात टाकतात किंवा खड्ड्यात ओततात. तिचा असा उपयोग होईल काय? गळीत हंगामात रोज ट्रॉल्या भरून निघते.

रसायनी

होऊ शकतो, परंतु जशी आहे तशी नाही. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, पण तिच्याबरोबर अर्धवट जळलेले तंतूही असतात. राख चिमटीत घेऊन चोळली की काळे, हलके, लांबट कण बोटांना जाणवतात. हे कण पाणी आणि प्लास्टिसायझर दोन्ही शोषून घेतात. मद्रासच्या आयआयटीत झालेल्या कामातून असे दिसले की ही राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तंतू काढून टाकले आणि उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली, तर ती चांगली पोझोलाना, म्हणजे चुन्याशी जुळून घट्ट होणारी पूड, ठरते. बॉयलरचे तापमान फार वाढले, तर सिलिका स्फटिकरूप होऊन निरुपयोगी बनते, म्हणून प्रत्येक कारखान्याची राख स्वतंत्रपणे तपासावी लागेल. भंडारा-गोंदियाकडील भाताच्या तुसाच्या राखेलाही हाच नियम लागू आहे. पेव्हिंग ब्लॉक आणि कंपाउंडचे खांब अशा वस्तूंपासून सुरुवात करणे सुरक्षित ठरेल.

चुन्याची_घाणी

मी जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करते. धागा वाचून आनंद झाला, मात्र एक गैरसमज आधीच दूर करावासा वाटतो. चुन्याचे बांधकाम म्हणजे प्रदूषणमुक्त बांधकाम, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. चुना भाजतानाही तोच ४४ किलोंचा हिशेब लागू असतो. हवेत पडून तो पुन्हा कार्बोनेट होताना त्यातील काही भाग परत घेतो, परंतु त्याला वर्षे लागतात. जुन्या भिंतींना चुनाच हवा, कारण सिमेंटचा गिलावा त्यांची ओल कोंडतो. नव्या चार मजल्यांच्या इमारतीला मात्र तो पर्याय म्हणून सुचवणे योग्य नाही.

सिमेंट मुळीच न वापरणाऱ्या जिओपॉलिमर काँक्रीटविषयी कोणी सांगेल काय?

आखाती

थोडक्यात सांगतो. राख किंवा स्लॅग यांना कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणाने चेतवले की क्लिंकरशिवाय बंधक तयार होते. ऑस्ट्रेलियात टूवूम्बा येथील विमानतळावर २०१४ साली सुमारे ४०,००० घनमीटर असे काँक्रीट घातले गेले. आपल्याकडेही २०२० साली मानक ब्युरोने प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात आधीच ओतून तयार केलेल्या वस्तूंपुरती मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती प्रीकास्टपुरती ठेवण्यात शहाणपण आहे असे मी मानतो. कॉस्टिकचे द्रावण त्वचा आणि डोळे भाजते. हातमोज्यांशिवाय, अनवाणी घमेली वाहणाऱ्या बिगाऱ्यांच्या साइटवर ते आणणे मला मान्य नाही. शिवाय सोडियम सिलिकेट बनवण्यातही ऊर्जा खर्च होते, ती हिशेबात धरलीच पाहिजे.

सेंटरिंगवाला

आतापर्यंत सगळे अभियंते आणि अभ्यासक बोलले. मी वीस वर्षे लहान इमारतींची ठेकेदारी करतो आहे, माझीही बाजू ऐकून घ्यावी.

आम्हाला ओपीसी आवडते ते हट्टाने नव्हे. प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात आणि भाडे दिवसावर चालते. स्लॅब चार दिवस जास्त टेकूंवर राहिला, तर वरच्या मजल्याचे काम थांबते आणि मजुरांना बसून हजेरी द्यावी लागते. दुसरे म्हणजे पाणी. जत आणि आटपाडी तालुक्यांत मी एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकले आहेत. तेथे प्यायला टँकर येतो. दहा दिवस स्लॅबवर आळी करून पाणी साठवा असे कागदावर लिहिणे सोपे आहे, पण निविदेत त्या पाण्याचे पैसे कोठेही नसतात, ते ‘दरात समाविष्ट’ असतात. एका सरकारी कामावर मी स्वतःच्या खिशातून टँकर आणले आणि बिलात एक रुपयाही मिळाला नाही. मग पुढच्या कामावर ठेकेदार काय करील? तिसऱ्या दिवशी गोणपाट वाळते आणि फोटोपुरते ओले होते.

पायाभरणी

सेंटरिंगवाला, तुमच्या प्रतिसादाने या धाग्याला जे हवे होते ते दिले, मनापासून आभार.

आयएस ४५६:२००० मध्ये ओपीसीसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) सांगितले आहे. हवा उष्ण व कोरडी असेल तर मिश्र सिमेंटला १४ दिवस ओलावा द्यावा, अशी शिफारसही आहे. टेकूंबाबत साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस हा आकडा ओपीसीसाठीचा आहे. इतर सिमेंटला तो तसाच लावता येत नाही, त्यात योग्य तो बदल करावा असे मानकच सांगते. म्हणजे ‘पीपीसी लिहा’ एवढे सांगून आम्ही डिझाइनर मोकळे होतो, तेव्हा वाढलेले दिवस आणि वाढलेले पाणी आम्ही न बोलता तुमच्या खांद्यावर टाकत असतो. स्लॅब कच्चा निघाला की दोष सिमेंटला जातो. ओपीसीला आपल्याकडे जो मान आहे, त्यातील बराचसा भाग हा क्युरिंगमधील हलगर्जी सोसण्याबद्दलचा मान आहे, आणि तो हलगर्जीपणा ओपीसीलाही शेवटी बाधतोच.

उपायांविषयी माझे मत असे आहे. क्युरिंग ही वेगळी बाब म्हणून निविदेत लिहावी आणि ती मोजून तिचे पैसे द्यावेत. जेथे पाणी नाही तेथे ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरून कडा वाळूने दाबाव्यात, म्हणजे वाफ अडते आणि आळ्यांपेक्षा कितीतरी कमी पाण्यात भागते. टेकू केव्हा काढायचे हे दिवस मोजून ठरवण्याऐवजी, त्याच स्लॅबच्या काँक्रीटचे जास्तीचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून ते स्लॅबशेजारीच, स्लॅबसारखेच ओले ठेवावेत आणि ते फोडून आलेल्या ताकदीवर ठरवावे. कधी कधी यात ठेकेदाराचे दिवस वाचतातही, कारण बाजारातील पीपीसीची ताकद मानकाच्या किमान आकड्यांच्या बरीच वर असते.

घरधनी

म्हणजे मी माझ्या स्लॅबला पीपीसी घ्यावे काय? एका शब्दात सांगाल तर बरे होईल.

पायाभरणी

घ्यावे. पण तुमच्या डिझाइनरला मिश्रणाचे प्रमाण पीपीसी धरून लिहून द्यायला सांगा, पाण्याची बादली मिक्सरजवळ मोजून ठेवा, दहा दिवस स्लॅब कोरडा पडू देऊ नका, आणि टेकू काढण्यापूर्वी क्यूबचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गोणी विकत घेताना तिच्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष पाहून तीन महिन्यांच्या आतील घ्या.

सार्वजनिक_अभियंता

मी निविदा लिहिणाऱ्यांपैकी एक आहे. ‘केवळ ५३ ग्रेड’ हे वाक्य मीही अनेकदा उतरवले आहे, कारण जुना मसुदा बदलला की लेखापरीक्षणात कारण द्यावे लागते. मानकाचा आधार असलेला पर्यायी मजकूर येथे मिळाला, तर मी तो निश्चितच पुढे मांडीन.

पायाभरणी

आपल्या प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आभार. त्या शाळेसाठी मी तयार केलेला मजकूर देतो (त्यातील पहिली पाच मानके अनुक्रमे ओपीसी, पीपीसी, स्लॅग सिमेंट, राख व स्लॅग दोन्ही असलेले संमिश्र सिमेंट आणि एलसी३ यांची आहेत) :

‘काँक्रीटसाठी आयएस २६९, आयएस १४८९ भाग १, आयएस ४५५, आयएस १६४१५ किंवा आयएस १८१८९ यांपैकी कोणत्याही मानकाचे सिमेंट चालेल. काँक्रीटची प्रत, कमाल पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि किमान बंधकाचे प्रमाण आयएस ४५६ मधील परिस्थितीनुसार असावे. या किमान प्रमाणात राख व स्लॅग मानकाने घातलेल्या मर्यादेपर्यंत धरता येतील. टेकू काढण्याचा निर्णय स्लॅबशेजारी ओल्या ठेवलेल्या क्यूबच्या निकालावर घ्यावा.’

समुद्रकिनाऱ्याच्या कामात पहिल्या वाक्यातून ओपीसी वगळावे, असे मी अपरान्त यांचा खांब वाचल्यावर ठरवले आहे. शाळेचे दुरुस्तीपत्रक सोमवारी जाईल. त्यात ‘क्युरिंग, १४ दिवस, गोणपाट व प्लास्टिक कागदासह’ ही बाब चौरस मीटरच्या दराने स्वतंत्र लिहिली आहे आणि टँकरच्या पाण्याचा खर्च तिच्या दरपृथक्करणात धरला आहे.